चौदाव्या प्रश्नातली कमलबाई

बुलढाणा जिल्ह्यात लोक लोणारचं सरोवर बघायला जातात, शेगावला दर्शनाला जातात. मी एका बाईला शोधायला गेले होते. ती बाई खरोखर आहे की नाही, एवढंच मला बघायचं होतं. असली तर माझी पीएच.डी. वाचणार होती आणि नसली तर पाच वर्षं पाण्यात जाणार होती. आता परत येऊन आठ दिवस झालेत, नीट जेवतेय, नीट झोपतेय, म्हणून हे हसत लिहिता येतंय. जाताना हसू अजिबात येत नव्हतं.

मी पुण्यात एका कॉलेजात वाणिज्य शिकवते. वय शेहेचाळीस. या वयात पीएच.डी. कशाला, असं विचारणाऱ्यांना सांगते की नोकरी टिकवायची असेल तर ती लागते. माझा विषय प्रबंधाच्या भाषेत सांगायचा तर दोन ओळींचा आहे. साध्या भाषेत सांगायचं तर घरात मिक्सर, कुकर, फ्रीज येतो तेव्हा तो कुठला आणायचा हे कोण ठरवतं. नवरा म्हणाला होता, "यासाठी पाच वर्षं? आपल्या घरात तू ठरवतेस. लिही आणि मोकळी हो." 

माझ्या प्रश्नावलीत तीस प्रश्न आहेत. त्यातला चौदावा सगळ्यांत महत्त्वाचा: ही वस्तू घेण्याचा निर्णय मुख्यतः कोणी घेतला? पुढे पर्याय: पती, पत्नी, दोघे मिळून, सासू-सासरे, मुलं, आणि शेवटी 'इतर (नाव लिहा)'. पुणे जिल्ह्यातले फॉर्म मी स्वतः दारोदार हिंडून भरून आणले. वऱ्हाडातले फॉर्म भरायला मात्र मला रजा मिळेना. मग एका जुन्या सहकाऱ्याच्या ओळखीनं मलकापूरच्या गजाननभाऊंना फोनवरून काम दिलं. त्यांनी मलकापूर, मेहकर आणि जानेफळ इथले फॉर्म भरून कुरिअरनं पाठवले, मी ते मोजून कपाटात ठेवले आणि तिथंच चुकले. उघडून वाचायला मला चार महिने लागले.

जानेफळचा गठ्ठा चाळीसेक फॉर्मांचा होता. दोन सोडून बाकी प्रत्येक फॉर्मवर चौदाव्या प्रश्नापुढे 'इतर'वर खूण होती आणि त्यापुढे एकच नाव लिहिलेलं होतं: कमलबाई. घरं वेगळी, आडनावं वेगळी, कोणाचा मिक्सर तर कोणाचा कुकर, आणि ठरवणारी सगळीकडे कमलबाई. अक्षरही सगळीकडे एकच, गजाननभाऊंचं.

माझ्या मार्गदर्शक सरांनी गठ्ठा चाळला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. सर्वेक्षणाच्या कामात एक जुना रोग आहे. फॉर्म भरणारा माणूस गावात जातच नाही. एखाद्या हॉटेलात बसून चहाबरोबर पन्नास फॉर्म स्वतःच भरून टाकतो. सरांनी असे गठ्ठे आयुष्यात पुष्कळ पाहिले होते. ते म्हणाले, हा माणूस कंटाळला असणार आणि कंटाळल्यावर त्याला एकच नाव सुचलं असणार. हा गठ्ठा खोटा असेल तर त्याच माणसानं आणलेले बाकीचे फॉर्मही ठेवता येणार नाहीत, म्हणजे माझा निम्मा अभ्यास गेला. मुदतवाढ दोनदा घेऊन झाली होती, तिसरी मिळत नाही. सरांनी पंधरा दिवस दिले. त्या पंधरा दिवसांत एकतर ती कमलबाई दाखवायची, नाहीतर फॉर्म बनावट असल्याचं लेखी द्यायचं.

मलकापूर

रेल्वेच्या प्रवासात सांगण्यासारखं काही घडलं नाही. सकाळी मलकापूरला उतरले तेव्हा फेब्रुवारीतलं कोवळं ऊन होतं आणि स्टेशनबाहेरच्या रस्त्याच्या कडेला, बाभळीच्या काट्यांना, तारेच्या कुंपणांना, जिथं तिथं कापसाचे पुंजके अडकलेले होते. कापसानं भरलेले ट्रॅक्टर जिनिंगकडे निघाले होते. त्यांच्यावरून उडालेला कापूस माझ्या केसांतही येऊन बसला, हे मला तासाभरानं आरशात कळलं.

गजाननभाऊंचं झेरॉक्सचं दुकान बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आहे. पन्नाशीचे गृहस्थ, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. दुकानात गर्दी होती, कारण परीक्षेचे अर्ज भरायचे दिवस होते. मी मनात पोलिसी थाटाचे प्रश्न तयार करून गेले होते, पण त्यांनी आधी मला समोरच्या गाड्यावर नेलं आणि पोह्यांवर झणझणीत तर्री ओतून घेऊन दिली. पुण्यात पोह्यांवर ओलं खोबरं आणि कोथिंबीर घालतात. इथं पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायच्या निमित्तानं मला जरा वेळ मिळाला.

मी खरं बोलले नाही. जानेफळच्या लोकांचे आभार मानायला आणि दोन-चार जादा प्रश्न विचारायला आलेय, असं सांगितलं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, त्या गावचे फॉर्म भरताना काही वेगळं वाटलं होतं का?

गजाननभाऊंनी चमचा प्लेटमध्ये ठेवला. मग म्हणाले, "वाटलं होतं. पन तुमीच पाहून या, मॅडम."

तुम्ही चला ना बरोबर, मी म्हटलं. एक दिवसाचा तर प्रश्न आहे. ते दुकानाकडे बघत नको म्हणाले. मी पुन्हा आग्रह केला, तर त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं की मी नाही येणार, तुम्ही एकट्याच जा. मला वाटलं, झालं, चोर सापडला. ज्या माणसानं गाव पाहिलेलंच नाही तो मला गाव काय दाखवणार! तर्री आधीच पोटात जळत होती, त्यात हे. त्यांनी पोह्यांचे पैसे मला देऊ दिले नाहीत, बस कुठून सुटते ते दाखवायला स्टँडपर्यंत आले, खिडकीजवळची जागाही धरून दिली, आणि तेवढा सगळा वेळ मी त्यांना मनातल्या मनात खोटारडा म्हणत होते. आज हे लिहिताना लाज वाटते.

मेहकर

बस मोताळ्यावरून राजूर घाट चढून बुलढाण्याला गेली, मग चिखली, मग मेहकर. घाटात पळसाला नुकती फुलं यायला लागली होती. वर पठारावर हरभरा सोंगायला आलेला, मधून गव्हाचे हिरवे तुकडे. शेजारी बसलेल्या आजींनी पिशवीतून ओल्या हरभऱ्याचे डहाळे काढले आणि मला न विचारता माझ्या मांडीवर ठेवले. मी घाटे सोलत खात राहिले आणि बराच वेळ कमलबाई डोक्यातून गेली. उतरताना मात्र घोटाळा झाला. बसच्या पायरीत पाय अडकला आणि चपलेचा अंगठा तुटला.

मेहकरच्या बाजारात समोर आलेल्या पहिल्या दुकानात शिरले आणि दुकानदारानं पहिली दाखवलेली चप्पल पायात घालून बाहेर पडले. ग्राहक खरेदीपूर्वी किती पर्यायांचा विचार करतो, यावर माझ्या प्रबंधात एक आख्खं प्रकरण आहे. चप्पल दहा पावलांत चावायला लागली.

तशीच लंगडत भांडी आणि घरगुती यंत्रांच्या एका मोठ्या दुकानात गेले. जानेफळचे लोक खरेदीला मेहकरलाच येतात, तेव्हा इथं काही धागा मिळेल असं वाटलं. शेठ गप्पिष्ट निघाले. गादीवरच बसवून घेतलं, काचेच्या ग्लासातून पाकासारखा गोड चहा पाजला. माझ्या प्रश्नांना त्यांनी आधी सगळे दुकानदार देतात तशीच उत्तरं दिली: बाया वस्तू पाहतात, पुरुष किंमत पाहतात, पोरं रंग पाहतात. मी लिहून घेतलं. मग जानेफळचं नाव काढलं, तेव्हा ते हसायला लागले.

त्या गावाचं गणित मला वीस वर्षांत कळलं नाही, असं ते म्हणाले. जाहिरात करा, दारात फुगे लावा, सवलत द्या, तिथून कोणी फिरकत नाही. महिनोन्‌महिने एकही मिक्सर जात नाही. "आन मंग एक दिवस ट्रॅक्टर करून बाया येतात, आन साऱ्याच्या साऱ्या एकच मॉडेल मागतात. दुसरं दाखवलं तर पाहत बी नाई."

का, असं विचारलं, तर त्यांनी हात वर केले. पहिल्यांदा त्यांना वाटलं होतं की गावात कुठली तरी वाटपाची योजना आली असेल. कमलबाई नावाचं कोणी ठाऊक आहे का? शेठ म्हणाले, मेहकर तालुक्यात दगड मारला तर तो एखाद्या कमलबाईलाच लागेल.

तरी मला थोडं बरं वाटलं. निदान काहीतरी विचित्र त्या गावात आहे, हे गजाननभाऊंशिवाय दुसऱ्या माणसाकडून ऐकायला मिळालं होतं. संध्याकाळी इथल्या जुन्या देवळात जाऊन बसले. मी तशी फारशी देवभोळी नाही. पण त्या दिवशी काळ्या पाषाणातल्या त्या देखण्या मूर्तीसमोर उभं राहून मी सरळ सांगितलं, की देवा, तेवढी ती बाई असू दे.

जानेफळ

सकाळच्या बसनं जानेफळला उतरले. मोठं गाव आहे. स्टँडवर दुकानं, पानठेला, बाकड्यावर पेपर वाचणारी दोन माणसं. त्यातल्या एकांना विचारलं, कमलबाई कुठं राहतात? त्यांनी पेपर खाली केला आणि म्हणाले, "कमलबाई? ते तर वारली. दोन वर्सं झाली."

फॉर्म तर पाच महिन्यांपूर्वीचे. म्हणजे गजाननभाऊंनी नावही मेलेल्या बाईचं घातलं होतं! मी त्या बाकड्यावर बसलेच. पानठेल्यावाल्यानं पाणी दिलं. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्या गृहस्थांना वाटलं असावं की मी मेलेल्या बाईची कोणी जवळची नातेवाईक आहे, कारण त्यांचा आवाज मऊ झाला. तुम्ही त्यांच्या कोण, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कोणी नाही हो, मी मिक्सरवर संशोधन करते.

"मंग तुमाले मिक्सरवाली कमलबाई पायजे काय?" ते म्हणाले. "ते जित्ती हाये. आता घरीच असन."

त्या माणसाला मी मिठी मारायची बाकी ठेवली. त्यांनी बोट दाखवलं त्या गल्लीत मी चावऱ्या चपलेनं जवळजवळ पळत गेले.

कमलबाईंचं घर गल्लीच्या मध्यावर. पुढं सारवलेलं अंगण, कडुनिंबाची सावली, एका बाजूला मेथीच्या जुड्या बांधून ओल्या गोणपाटाखाली ठेवलेल्या. साठीच्या आसपासची, सडपातळ, नऊवारी नेसलेली बाई. घरची दोन एकर जमीन, त्यात भाजीपाला, आणि आठवडी बाजारात स्वतः बसून विकते. अंगणात आणखी सात-आठ बायका होत्या. वायर घरातून ओढून आणून ओट्यावर एक नवा मिक्सर ठेवला होता आणि प्रत्येकीच्या हातात आपापला डबा होता. एकीकडे भिजवलेली उडदाची डाळ, दुसरीकडे वाळलेल्या मिरच्या, तिसरीकडे फल्लीचे दाणे. आपण शेंगदाणे म्हणतो, इथं फल्ली.

मी कोण, कुठली हे सांगितलं. त्यांनी मला खाटेवर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, जरा थांबा, हे मशीन तापलं की नाही ते पाहू द्या. मग मिक्सर बंद करून कमलबाईंनी मोटारीवर हात ठेवला. तिथल्या प्रत्येक बाईनं येऊन एकेकदा हात ठेवला. "काल्च्यापक्षा जास्त गरम हाये," एक जण म्हणाली. कमलबाईंनी नुसती मान हलवली आणि पुढचा डबा घेतला.

चित्र माझ्या लक्षात यायला लागलं होतं, तरी मी सगळं नीट विचारून घेतलं. बऱ्याच वर्षांपूर्वी गावात कुकर विकणारा एक फिरता माणूस आला होता. गल्लीतल्या बऱ्याच घरांनी कुकर घेतले आणि एकाच महिन्यात सगळ्यांचे बिघडले. तो माणूस परत आलाच नाही. तेव्हा बायकांनी ठरवलं की यापुढे नवी वस्तू आधी एकच आणायची, सगळ्यांनी मिळून. ती कमलबाईंच्या घरी ठेवायची, कारण त्यांचं अंगण मोठं आणि त्या बाजाराच्या निमित्तानं तालुक्याला जाऊन-येऊन असतात. मग ज्याच्या त्याच्या घरचं दळण-वाटण त्यावर करून बघायचं. दोन सण जाईपर्यंत वस्तू टिकली तर पास. मग ज्यांना हवी त्यांनी तीच घ्यायची. नापास झाली तर कमलबाई पिशवीत घालून दुकानात परत नेतात. पास झालेली पहिली वस्तू देवळाच्या भंडाऱ्याच्या भांड्यांत जमा होते. हल्ली पुरुषमंडळीही फवारणीचा पंप आधी याच अंगणात आणून ठेवतात, हे सांगताना बायका खूप हसल्या.

आमच्या पुस्तकांमध्ये असा एक माणूस असतो, ज्याचं ऐकून बाकीचे खरेदी करतात. पण पुस्तकातला तो माणूस बोलतो आणि बाकीचे ऐकतात. इथं सगळ्यांत कमी बोलत होत्या त्या कमलबाईच. मी स्वतः गेल्या दिवाळीला मिक्सर घेतला तेव्हा तीन संध्याकाळी फोनवर अनोळखी लोकांची मतं वाचत बसले होते. भिंतीपलीकडे राहणाऱ्या शेजारणीला तिचा मिक्सर कसा आहे हे मी विचारलं नाही. तो बिघडलाय एवढं आवाजावरून कळतं.

मी पिशवीतून फॉर्मांच्या प्रती काढल्या आणि अंगणात एकेक नाव वाचायला लागले. ज्या बाईचं नाव येई ती हात वर करी, किंवा कोणी सांगे की ती शेतात गेलीय, ती माहेरी गेलीय. कमलबाई सोडून दुसरं उत्तर दिलेल्या दोघींपैकी वंदना नावाची एक तरुण बाई तिथंच होती. तिनं 'पत्नी'वर खूण केली होती. तिनं सवलतीच्या दिवसांत फोनवरून मिक्सर मागवला, कोणाला न विचारता. गल्लीत दोन दिवस तिच्याशी कोणी नीट बोललं नाही. तिसऱ्या दिवशी कमलबाई स्वतः डाळ घेऊन तिच्या घरी गेल्या. "चांगला निंघाला," कमलबाई म्हणाल्या. "आता मीच सांगतो साऱ्याले, फोनवरचं बी चालते, पन पाहून."

एकेक हात वर जात होता आणि मला रडू यायला लागलं. मी ते थांबवायचा प्रयत्नही केला नाही. बायका घाबरल्या. काय झालं, का रडून राहिल्या, म्हणून जवळ आल्या. मग मी सगळं खरं सांगून टाकलं: हे फॉर्म खोटे आहेत असं आम्हाला वाटलं होतं, गजाननभाऊंनी घरी बसून भरलेत असं वाटलं होतं, आणि मी तुम्ही खऱ्या आहात की नाही हे बघायला आलेय.

मग कमलबाई म्हणाल्या, "गजानन तुमच्यासंगं नाई आला, ते बरं केलं त्यानं. आला असता तं तुमी म्हनल्या असत्या, यानंच शिकवून ठेवलं."

मला हे सुचलंच नव्हतं. तर्री वाढून बसमध्ये बसवून देणाऱ्या गजाननभाऊंना ते सुचलं होतं, आणि मला एवढा साधा विचार करता आला नाही. कमलबाईंचं बोलणं संपलं नव्हतं.

"दोन दिवस बसला होता तो इथं, याच खाटेवर. म्हने, कोनी ठरवलं? बाया म्हनल्या, कमलबाईनं. तो म्हने, घरातलं नाव सांगा, कागदात घरातलेच मानसं हायेत. बाया म्हनल्या, घरातलं सांगतलं तं ते खोटं होईन." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुमी कागदात घराभायरचं काऊन नाई विचारलं?"

का नाही विचारलं? कारण मी ज्या पुस्तकांवरून प्रश्नावली तयार केली त्यांत खरेदी घराच्या दाराच्या आत ठरते. मी पाच वर्षांत एकदाही विचार केला नाही की गल्लीसुद्धा काही ठरवू शकते. 'इतर' हा पर्याय मी नुसता रिवाज म्हणून शेवटी टाकला होता. गठ्ठा बरोबर होता, गजाननभाऊ बरोबर होते, चाळीसेक बायका बरोबर होत्या आणि प्रश्न चुकला होता. आपली चूक सापडली म्हणून इतका आनंद मला आयुष्यात कधी झालेला नाही. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते त्या खाटेवर कळलं.

तिथूनच सरांना फोन लावला. म्हटलं, सर, कमलबाई आहेत. माझ्यासमोर बसल्यात. सरांचा विश्वास बसेना, फोन त्यांच्याकडे द्या म्हणाले. कमलबाईंनी फोन कानाला लावून काही वेळ नुसतं हाव, हाव केलं. सर काय विचारत होते देव जाणे. शेवटी त्या म्हणाल्या, "हाव, मीच. आता या बाईले पास करा, लय दमली हाये ते." फोन परत माझ्याकडे आला तेव्हा सर हसत होते. पाच वर्षांत मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं. ते म्हणाले, चौदावा प्रश्न नव्यानं लिहा आणि या गल्लीवर स्वतंत्र प्रकरण करा, मुदतीचं मी बघतो.

मग जेवण झालं. चुलीत भाजलेल्या वांग्यांचं भरीत, त्यात पातीचा कांदा, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि ताक. गठ्ठा उघडल्यापासून मला अन्न गोड लागत नव्हतं. त्या दिवशी तिसरी भाकर मी मागून घेतली. भरीत एका घरचं, भाकरी दुसऱ्या घरच्या, ताक वंदनाकडचं. निघताना ओट्याखाली काढून ठेवलेली माझी चप्पल कमलबाईंनी हातात घेतली, वाकवून पाहिली, शिवण नखानं ओढून पाहिली आणि विचारलं की ही कोणाला विचारून घेतली? मी कोणालाच नाही म्हटलं. त्यांनी आतून आपली जुनी चप्पल आणून माझ्यासमोर ठेवली आणि माझी नवी कोपऱ्यात टाकली. मी तीच घालून पुण्याला आले. अजून घरात तीच वापरते.

मिक्सरचं काय झालं, असं मी बसमध्ये चढता चढता विचारलं. कमलबाई म्हणाल्या, अजून होळी जायची आहे.

पुन्हा मलकापूर

परतीची गाडी दुपारची होती. मी आधी दुकानात गेले. गजाननभाऊंच्या समोर उभं राहून सांगितलं की मी परवा तुमच्याशी खोटं बोलले, मी तुमची चौकशी करायला आले होते. त्यांनी मशीनमधून निघालेले कागद सारखे केले, गिऱ्हाइकाला दिले, आणि मग मला आतल्या स्टुलावर बसायला सांगितलं. मी येतेय म्हणून फोन केला तेव्हापासूनच त्यांना ते ठाऊक होतं. नुसते आभार मानायला पुण्याहून कोण येतं?

मी माफी मागितली. ते जरा अवघडले. मग म्हणाले, "एक सांगू काय, मॅडम? गठ्ठा पाठवायच्या आदल्या दिवशी मी पेन घेऊन बसलो होतो. साऱ्यायवर एकच नाव. म्हटलं, हे कोनी खरं मानत नाई. दहा-बारा ठिकानी नवरा लिहू, दहा-बारा ठिकानी दोघं मिळून. चांगलं दिसन."

मग? मी विचारलं.

"एकावर लिहिलं बी. मंग वरतं त्या बाईचं नाव वाचलं. तिनं मले ताक पाजलं होतं. तो फॉर्म फाडला, नवा घेतला, पुन्हा कमलबाई लिहिलं."

त्यांनी हे अगदी साधेपणानं सांगितलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. नमस्कार करून स्टेशनवर आले, गाडीत बसले, आणि गाडी हलल्यावर त्यांच्या बोलण्याचा अर्थ माझ्यापर्यंत पोचला. त्यांनी ती वीस-पंचवीस नावं बदलली असती तर सरांना शंका आली नसती. मी जानेफळला गेले नसते. प्रबंध सहज मंजूर झाला असता, लोकांनी पेढे खाल्ले असते, आणि मी नावापुढे डॉक्टर लावून मुलांना आयुष्यभर चुकीचं शिकवत राहिले असते. कोणालाही कळलं नसतं, मलासुद्धा.

मी त्यांना फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. म्हटलं, भाऊ, प्रबंधाच्या पहिल्या पानावर आभारात तुमचं नाव घालतेय.

मागे झेरॉक्सच्या मशीनचा आवाज येत होता.

"घाला," ते म्हणाले. "पन कमलबाईच्या खाली घाला."